हात बसलेली पेटी

गाणाऱ्या माणसाला आधी सूर लागतो आणि मग साथ लागते. सूर ज्याचा त्याने सांभाळायचा. साथ मात्र दुसऱ्याकडून यावी लागते. पूर्वी घरगुती गाण्यांना ही साथ आळीतच मिळे. कुणी काका पेटी धरत, शाळेतले एखादे मास्तर तबल्यावर बसत आणि कोजागिरीची रात्र झोकात पार पडे. पेटीवाले काका आजही आहेत. पण ते ज्या दिवशी मोकळे असतात त्या दिवशी तबलजी मोकळा नसतो, आणि दोघेही मोकळे असले तर हॉल मिळत नाही. मग गाणाऱ्याने काय करावे? तो ट्रॅकवर गातो.

‘ट्रॅक’ हा शब्द आता ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ यांच्याइतकाच मराठी झाला आहे. गृहसंकुलातला गणेशोत्सव असो, ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन असो, की निवृत्त मंडळींनी चालवलेला कराओके क्लब; हातात माइक, समोर मोबाइलवर गाण्याचे शब्द आणि स्पीकरमधून येणारा वाद्यवृंद, हे दृश्य ओळखीचे झाले आहे. गाण्यातला गाणारा वगळून बाकी सगळे वाजते, तो ट्रॅक.

असे ट्रॅक मी तयार करतो. हौस म्हणून सुरू केले आणि ओळखीपाळखीतून काम वाढत गेले. संगणकासमोर बसायचे, बास, गिटार, बासरी, व्हायोलिनचा ताफा असा सगळा संसार एकट्याने मांडायचा आणि ज्याला गायचे आहे त्याच्या हवाली करायचा. ज्या सॉफ्टवेअरवर मी हे करतो, त्याच्या नव्या आवृत्त्या वर्षाआड नव्हे, जवळजवळ दरवर्षी निघतात. मी मात्र एका जुन्या आवृत्तीवर ठाण मांडून बसलो आहे. भेटणारा प्रत्येक जाणकार विचारतो, ‘‘अजून तेच वापरता?’’ या प्रश्नात थोडे आश्चर्य असते आणि बरीचशी कीव.

असे ठाण मांडणारा मी एकटा नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका ज्यांच्या कादंबऱ्यांवर बेतली, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत सांगितले होते, की आपण अजून वर्डस्टार ४.० वर लिहितो. तेही इंटरनेट नसलेल्या, डॉसवर चालणाऱ्या संगणकावर. ते सॉफ्टवेअर १९८७ सालचे. त्यांना हवे तेवढेच ते करते आणि न विचारता मदतीला धावून येत नाही, एवढेच त्यांना पुरे होते. आपल्या घरातही पाहा. वीस वर्षे वापरलेला सुरीचा दांडा, आईची एकच ठरलेली कढई, दुकानदाराचे हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर... या चिकटून राहण्याला आपण पटकन आळस म्हणतो. तो आळस असतोही कधी कधी. पण दर वेळी नाही. ट्रॅकच्या कामात ते का नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

एक वादक वगळून बाकीची साथ ध्वनिमुद्रित करण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली अर्व्हिंग क्रॅटका यांनी ‘म्युझिक मायनस वन’ नावाने अशा तबकड्या काढायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने घरी तबकडी लावायची आणि रिकामी ठेवलेली जागा आपल्या वाद्याने भरायची. १९६७ मध्ये अमेरिकेतल्याच जेमी एबरसोल्ड यांनी जॅझ शिकणाऱ्यांसाठी हाच प्रकार सुरू केला आणि पुढे त्यांच्या संचांची संख्या शंभरावर गेली. पण ट्रॅक घराघरांत पोचवला तो जपानने. कोबे शहरातले दाइसुके इनोउए हे पानगृहांतून गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करत. त्यांच्या साथीवर खूश असलेल्या एका कारखानदाराने त्यांना सहलीला बरोबर यायची गळ घातली. इनोउएंना काम सोडून जाता येईना. तेव्हा त्या गृहस्थांच्या गळ्याला झेपेल अशी साथ त्यांनी टेपवर वाजवून दिली. त्यातून १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारे यंत्र आले. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे जपानी लघुरूप, मिळून कराओके. या माणसाने तेव्हा पेटंटही घेतले नाही.

मला या हकिगतीत पेटंटपेक्षा टेप महत्त्वाची वाटते. ती टेप सगळ्या जगासाठी केलेली नव्हती. ती एका माणसासाठी, त्याची दमछाक कुठे होते हे माहीत असलेल्या साथीदाराने केली होती. आज बाजारात मिळणारा ट्रॅक नेमके हेच विसरतो. तो मूळ गायकाच्या पट्टीत असतो. लताबाईंचे गाणे लताबाईंच्या पट्टीत आणि आशाताईंचे आशाताईंच्या लयीत. गाणारी असते आपली मावशी किंवा शेजारच्या वहिनी. अंतरा वर चढला, की आवाज फाटतो. ऐकणारे माना खाली घालतात आणि वहिनी पुढच्या वर्षी नाव देत नाहीत. दोष गळ्याचा नसतो. चप्पल दुसऱ्याच्या मापाची असते.

आपल्याकडे पट्टी पेटीवरून सांगतात. पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी पाच म्हणजे जी, काळी चार म्हणजे जी शार्प. गाणारी बाई ‘मी काळी चारमध्ये गाते’ म्हणाली, की साथीदाराला पुढचे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र हे सांगावे लागते, आणि ते सांगण्याची एक सोपी भाषा १९८३ मध्ये तयार झाली. तिचे नाव मिडी. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी या दोघांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला. एका कंपनीच्या कीबोर्डने दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डशी बोलावे, एवढाच मूळ हेतू. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्या कामासाठी दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिडीमध्ये आवाज साठवलेला नसतो. कोणता स्वर, केव्हा दाबला, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला, एवढीच नोंद असते. आपल्या गाण्याच्या वहीतल्या स्वरलिपीसारखी. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात आणि मधल्या पांढरी एकचा क्रमांक ६०. पट्टी दोन पायऱ्या खाली हवी? प्रत्येक क्रमांकातून दोन वजा करायचे. वाद्याच्या आवाजाला धक्का लागत नाही. तयार ध्वनिमुद्रणाचे तसे नसते. ते ओढूनताणून खाली आणता येते, पण फार ओढले तर बासरीला सर्दी झाल्यासारखी वाटते. शिवाय चार मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जाने साठवले तर सुमारे ४२ मेगाबाइट जागा खाते. तेच मिडीत काही किलोबाइटमध्ये मावते. १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर आम्ही अख्खी मैफल घेऊन फिरत असू.

मी वापरतो ते सॉफ्टवेअर याच भाषेवर उभे आहे. नाव ‘बँड-इन-अ-बॉक्स’, म्हणजे पेटीतला वाद्यवृंद. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या डॉ. पीटर गॅनन यांच्या पीजी म्युझिकने १९९० मध्ये ते प्रथम आणले. त्याची रीत सोपी. पडद्यावर वहीतल्यासारखे चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात कोणती कॉर्ड ते लिहायचे, शैली निवडायची, लय सांगायची. बास, ड्रम, पियानो, गिटार, व्हायोलिन आपापले वाजवू लागतात. २००७-०८ च्या सुमारास त्यात खऱ्या वादकांनी वाजवलेले तुकडेही आले. ज्यांना नवे हवे त्यांनी ते जरूर घ्यावे; त्यात उणे काही नाही.

आमची अडचण वेगळी आहे. हे सॉफ्टवेअर जॅझ आणि पॉपच्या मुशीत घडलेले. आमचे गाणे भावगीताच्या. १९९१ मध्ये मिडीवाल्यांनी १२८ वाद्यांची एक यादी ठरवली. तिच्यात १०५ क्रमांकावर सतार आहे, ११२ वर सनई आहे. बोंगो आहे, कोंगा आहे, पण तबला कुठेच नाही! केरवा चार-चार मात्रांत बसतो. दादऱ्याला वॉल्ट्झचा आधार घेता येतो. रूपकाच्या सात मात्रा आल्या की तीन आणि चारचे तुकडे जोडून वेळ मारून न्यावी लागते. रागाच्या अंगाने जाणाऱ्या चालीवर भरगच्च कॉर्ड चढवल्या, तर जरीच्या शालूवर रेनकोट घातल्यासारखे दिसते. तिथे नुसता षड्ज-पंचमाचा भरणा आणि मंद बास ठेवायचा. यातले कोणते कुठे चालते, कोणते कुठे बिघडते, हे त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात लिहिलेले नाही. ते शेकडो गाणी करताना हाताला कळले. नवे सॉफ्टवेअर घेतले तर त्याची बटणे आठवड्याभरात कळतील, पण हे कळायला पुन्हा काही वर्षे लागतील.

तबल्यासाठी मी वेगळी व्यवस्था केली आहे. एका तबलजी मित्राकडून, रीतसर मानधन देऊन, दादरा, केरवा, भजनी असे ठेके निरनिराळ्या लयींत वाजवून घेतले आहेत. आणि तेही पाच-सहा पट्ट्यांत. कारण तबला सुरात लावलेला असतो. भलत्याच सुराला लावलेला तबला गाण्याखाली वाजवला, तर गाणाऱ्याला काहीतरी टोचते. काय टोचते ते मात्र सांगता येत नाही.

आता या सगळ्याचा उपयोग काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. ओळखीच्या एका काकूंचा, वय बहात्तर, ज्येष्ठांच्या संमेलनात एका भावगीताचा कार्यक्रम ठरला होता. ट्रॅक वर्षभरापूर्वीच करून दिलेला. मध्यंतरी घशाचे दुखणे झाले. रविवारी कार्यक्रम आणि शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला, ‘‘अरे, आवाज वर जातच नाही. मी नाव मागे घेते.’’ मी म्हटले, ‘‘काकू, आधी घरी या. ट्रॅक लावायचा नाही. नुसतं गाऊन दाखवा.’’

त्या आल्या. मी खरी पेटी काढून त्यांच्या मागे मागे गेलो. काळी चार आता झेपत नव्हती. काळी तीनमध्ये आवाज मोकळा लागत होता. म्हणजे दोन पायऱ्या खाली. लय मिनिटाला ८४ होती, ती ७६ वर त्यांना सुखाची वाटली. पण खरी अडचण तिसरीच होती. ध्रुवपदाची ओळ संपली, की लगेच अंतरा सुरू होई आणि त्यांना श्वास भरायला वेळ मिळत नसे. तिथे ठेक्याचे एक आवर्तन जादा घातले. पट्टी उतरल्यावर व्हायोलिनचे खालचे स्वर बासमध्ये मिसळून गढूळ वाटू लागले. ते एक सप्तक वर उचलले. काळी तीनच्या तबल्याचा ठेका लावला. सव्वा तासात ट्रॅक तयार. त्या वेळात पडद्यावर ‘अमुक कुठे आहे’ म्हणून मला एकदाही शोधावे लागले नाही. माझे लक्ष काकूंच्या श्वासाकडे होते. दुसऱ्या दिवशी त्या गायल्या. फार थोर गायल्या असे नाही. पण पूर्ण गायल्या आणि अंतऱ्याच्या आधी चक्क हसल्या. त्यांच्या मुलीने मागाहून सांगितले, की नाव मागे घेतले असते तर आईने गाणेच सोडले असते.

माझ्या चिकटून राहण्याचे कारण हेच. हात बसला, की हाताकडे लक्ष द्यावे लागत नाही. ते लक्ष समोरच्या माणसासाठी मोकळे होते. पेटीवाल्याने पेटीकडे पाहत साथ केली, तर गवई त्याला उठवील.

माझा भाचा ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे. त्याला हे पटते आणि पटत नाही. ‘‘मामा, तुझी ती पेटी संग्रहालयात ठेवायला हवी,’’ म्हणतो. एकदा त्याने मला कृत्रिम बुद्धिमत्तेची करामत दाखवली. मूळ गाणे संगणकाला द्यायचे. गायिकेचा आवाज एकीकडे, वाद्ये दुसरीकडे. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने असे एक साधन सर्वांसाठी खुले केले आणि त्यानंतर अशी साधने वेगाने सुधारत गेली. मी थक्क होऊन ऐकले. साठ वर्षांपूर्वीचा तो वाद्यमेळ, मधला आवाज अलगद काढून घेतलेला! ज्याला मूळ पट्टी झेपते, त्याच्यासाठी याहून चांगले काही नाही, हे मी भाच्याकडे कबूल केले. पण काकूंना हवे होते ते जादा आवर्तन? ते घालायला काकूंचा श्वास कुठे तुटतो हे कुणीतरी आधी ऐकायला हवे. ‘‘तेवढं तू ऐक, बाकी मी करतो,’’ भाचा म्हणाला. हा करार मला मंजूर आहे.

चिकटून राहण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती धोक्याची आहे. आपण सॉफ्टवेअरला चिकटून राहतो, पण सॉफ्टवेअर आपल्याला चिकटून राहील याची हमी नसते. लॉजिक हे संगीताचे सॉफ्टवेअर २००२ मध्ये अॅपलने विकत घेतले आणि त्याची विंडोजवरची आवृत्ती बंद झाली. १९८७ पासून चालत आलेले केकवॉक २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या तेव्हाच्या मालकांनी थांबवले. पुढच्याच वर्षी बँडलॅबने ते घेतले म्हणून वाचले. २०१९ मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीने ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअर चालवायचे बंद केले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले बंद करत असल्याची घोषणा झाली. पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी जगभरचे संगीतकार पस्तीस वर्षे ते वापरत होते. ज्यांनी आपली सगळी कारकीर्द त्यात लिहून ठेवली, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल? घर आपले, सामान आपले आणि किल्ली बनवणाऱ्याने दुकान बंद केले.

माझ्या ओळखीतल्या एका वाद्यवृंद संयोजकांवर असा प्रसंग आला. त्यांची दीड-दोनशे गाणी एका सॉफ्टवेअरच्या खास फाइलींत होती. संगणक बदलला, नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चढेना आणि बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता लागेना. गाणी डोळ्यांसमोर होती, नावानिशी, तारखेनिशी. उघडत मात्र नव्हती. त्यांनी जुना संगणक दुरुस्त करून घेऊन एकेक गाणे बाहेर काढले. जेवढी निघाली तेवढी निघाली.

तेव्हा माझा नियम असा, की हत्यार जुने चालेल, पण गाणे हत्याराच्या ताब्यात ठेवायचे नाही. ट्रॅक पुरा झाला, की त्याच्या तीन प्रती होतात. एक मिडी फाइल. चाळीस वर्षे उलटून गेली तरी ही भाषा जवळपास प्रत्येक संगीत-सॉफ्टवेअरला कळते आणि २०२० मध्ये तिची दुसरी पिढी आली तेव्हाही पहिलीला मोडीत काढलेले नाही. दुसरी, प्रत्येक वाद्याचे वेगवेगळे ध्वनिमुद्रण, साध्या वेव्ह फाइलमध्ये. म्हणजे उद्या सॉफ्टवेअर गेले तरी आवाज राहील. आणि तिसरी वहीत, पेनने: पट्टी, ताल, लय, कॉर्ड, जादा आवर्तन कुठे, श्वास कुठे. यातल्या फाइलींची एक नक्कल दुसऱ्या घरी असते. कंटाळवाणे काम आहे. पण ते केले, की जुन्या सॉफ्टवेअरवर निर्धास्त राहता येते. न करता जुन्यावर राहणे याला मात्र मी निष्ठा म्हणणार नाही.

मग ते सोडायचे कधी? माझी कसोटी सोपी आहे. नव्यात काय आहे, हे मी विचारत नाही. गाणाऱ्याला जे हवे ते जुन्यात देता येत नाही, असे कितीदा झाले, हे मोजतो. वर्षातून एकदा झाले तर भाच्याला फोन करतो. दर महिन्याला होऊ लागले, तर मुकाट्याने नवे शिकायला बसेन. मग कितीही हात बसलेला असो.

वाचकांपैकी बहुतेकांना ट्रॅक करायचे नसतील. पण बहुतेकांच्या घरात कुणीतरी गाणारे असते: आई, आत्या, निवृत्त झालेले वडील. त्यांच्यासाठी एक काम आज, रविवारचे जेवण झाल्यावर, करता येईल. त्यांना ट्रॅकशिवाय, त्यांच्या मनाने एक गाणे म्हणायला सांगा. पेटीवर किंवा मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर त्यांचा षड्ज कुठे लागतो ते पाहा आणि गाण्याच्या नावापुढे पट्टी, ताल आणि लय लिहून ठेवा. हा कागद दाखवला, तर कोणताही साथीदार, जुना असो वा नवा, त्यांच्या मापाची साथ करून देईल. कागदावर तारीख घालायला विसरू नका. वयाबरोबर गळा थोडा उतरतो आणि दोन वर्षांपूर्वीचा ट्रॅक आज उंच वाटतो. तसे झाले तर आईला ‘रियाज कमी पडतो’ असे सांगू नका, पट्टी उतरवा.